कुवेतहून आलेला जुना रिसीव्हर : दिवे लागतात, पण रिले ओढत नाही

खारवारा | 16 जुलै 2017, रात्री 10:10

नमस्कार मंडळी,

माळ्यावरून बाबांचा स्टीरिओ रिसीव्हर खाली काढलाय. तो चालता करायचा आहे, तुमची मदत हवी.

जपानी बनावटीचा, 1983 चं मॉडेल, दर चॅनेलला 45 वॅट. चंदेरी पॅनेल, वरून लाकडी रंगाचं आवरण. ट्यूनर काट्याचा, दोऱ्यावर फिरणारा. डिजिटल काहीही नाही. बाबांनी 1985 ला सुट्टीवर येताना कुवेतहून आणला. पुढे 1990 ला इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा ते सगळं तिथेच टाकून अम्मानमार्गे मुंबईला उतरले तेव्हा हातात एक बॅग होती. हा पाच वर्षं आधी घरी पोचला होता म्हणून वाचला. तिकडच्या घरातली दुसरी एकही वस्तू आमच्याकडे नाही. त्यामुळे 'नवीन घ्या' हा सल्ला कृपा करून देऊ नका.

लक्षणं अशी. पॉवर स्विच दाबला की डायलचे दिवे लागतात, स्टेशनवर आलो की सिग्नलचा काटा हलतो. पूर्वी चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून 'टक्' वाजायचं आणि मग गाणं सुरू व्हायचं. आता ते टक् येतच नाही. दोन्ही स्पीकर पूर्ण मुके, साधी घूं सुद्धा नाही. माळ्यावर टाकण्याआधी, 2006 च्या सुमारास, डावा स्पीकर मधूनच जायचा आणि आवाज मोठा केला की परत यायचा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर तर होतीच.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले आउटपुट गेलंय, आतलं सगळं काढून तयार बोर्ड बसवून देतो. मी तसाच उचलून परत आणला. गणपती 25 ऑगस्टला आहेत. आरतीनंतर बाबांच्या कॅसेट याच्यावर लागाव्यात एवढीच इच्छा आहे. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग करतो, पण अ‍ॅम्प्लिफायर कधी उघडलेला नाही.

केतकीवन | 16 जुलै, रात्री 10:52

खोलायच्या आधी पुढच्या पॅनेलवरची बटणं बघून घ्या. 'टेप मॉनिटर' दाबलेलं राहिलं आणि मागे डेक जोडलेला नसला की रेडिओ लावूनही सेट मुका राहतो. स्पीकरच्या ए आणि बी बटणांचंही तेच. काही सेटमध्ये दोन्ही दाबली की दोन्ही जोड्या सिरीजमध्ये येतात, आणि बी ला काही जोडलेलं नसेल तर ए सुद्धा बंद.

मागच्या बाजूला 'प्री आउट' आणि 'मेन इन' असे शेजारी शेजारी आरसीए (गोल ऑडिओ सॉकेट) असतील तर त्यांत यू आकाराच्या धातूच्या दोन पिना बसवलेल्या असतात. घर झाडताना त्या पडतात, कोणीतरी खेळायला नेतं. त्या नसतील तर प्रीअ‍ॅम्पचा आवाज पुढे पोचतच नाही. माझ्या मामाचा सेट दोन वर्षं या एका पिनेपायी बंद होता.

खारवारा | 16 जुलै, रात्री 11:15

ताई, सगळं पाहिलं. टेप मॉनिटर बाहेर आहे, स्पीकर फक्त ए. मागे यू पिना दोन्ही आहेत, हिरव्या पडल्यात पण जागेवर आहेत. काढून, पुसून परत लावल्या. टक् नाहीच.

मायक्रोफॅरड | 17 जुलै, सकाळी 7:30

34 वर्षांचा सेट, त्यातली 11 माळ्यावर, तीही कोकणातल्या हवेत. सरळ सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग) बदलून टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सगळी व्हॅल्यू मिळतात. अर्धे दोष त्यातच जातील.

पेठेतला सोल्डर | 17 जुलै, सकाळी 9:05

मायक्रोफॅरड, या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. तीस वर्षं हेच काम केलंय म्हणून कळकळीने सांगतो. न मोजता पन्नास-साठ कंडेन्सर बदलायला घेतले की त्यात दोन उलटे बसतात, चार ठिकाणी पट्टीवरचा (सर्किट बोर्डवरचा) तांब्याचा ट्रॅक उखडतो, आणि मूळ दोष तसाच राहतो. आता एक दोष आहे. मग पाच होतील, आणि त्यातला जुना कुठला, नवा कुठला हे कोणालाच सांगता येणार नाही.

खारवारा, तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच बरंचसं उत्तर आहे. दिवे लागतात म्हणजे मेनचा फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत. सिग्नलचा काटा हलतो म्हणजे ट्यूनरला सप्लाय जातोय. ते 'टक्' म्हणजे स्पीकरचा रिले, विजेने उघडझाप होणारा स्विच. चालू केल्यावर आतली व्होल्टेजं स्थिर होईपर्यंत तो स्पीकर तोडून ठेवतो आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटवर डीसी (स्पीकर जाळू शकणारं स्थिर व्होल्टेज) दिसलं तर जोडतच नाही. म्हणजे प्रश्न दोनच. अ‍ॅम्पमध्ये खरोखर दोष आहे म्हणून रिले नकार देतोय, की अ‍ॅम्प ठणठणीत आहे आणि नकार देणारं सर्किटच आजारी आहे? हे न तपासता 'आउटपुट गेलं' म्हणणं मला पटत नाही.

तपासायच्या आधी तीन गोष्टी.

आता थेट बोर्डात पिन घालून चालू करू नका. सिरीज बोर्ड बनवा: फेजच्या वायरमध्ये एक होल्डर, त्यात 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी किंवा सीएफएल चालणार नाही, तारच हवी. थंड असताना त्या तारेचा रोध चाळीसेक ओहम असतो, पूर्ण पेटली की 529 च्या घरात जातो. म्हणून सेट बरा असेल तर बल्ब क्षणभर झगमगतो (आतले मोठे कंडेन्सर भरताना) आणि मग मंद होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटलेलाच राहतो, सगळा दाब स्वतःवर घेतो आणि सेट वाचतो. बल्ब मंद झाला नाही तर लगेच बंद करा आणि इथे लिहा.

दुसरं, मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल. तो कुठे आहे ते सांगा, आणि घरातल्या सॉकेटचं व्होल्टेज दुपारी एकदा आणि रात्री अकरानंतर एकदा मोजा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. झाकण काढल्यावर दोन जाडजूड कंडेन्सर दिसतील. पिन काढल्यावरही ते भरलेले राहतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय आपल्याकडे फार आहे, ती करू नका. कंडेन्सरलाही धक्का बसतो आणि हातालाही. 100 ओहम, 10 वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा लावा आणि प्रत्येक कंडेन्सरवर दहा सेकंद धरा. मग मीटरने बघा. दोन व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. चालू सेटवर रीडिंग घेताना एक हात पाठीमागे ठेवा, पायात रबरी चप्पल असू द्या.

खारवारा | 19 जुलै, रात्री 11:40

पेठेतले काका, सगळं तसंच केलं.

बल्ब भपकन पेटला, एका श्वासात विझत विझत नुसती लाल तार उरली. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तसंच.

मागचा सिलेक्टर 220 वर आहे. त्यावर 110, 120, 220 आणि 240 असे आकडे आहेत. आमच्याकडे दुपारी 228 मिळाले. आज रात्री अकराला 247!

आत कमी धूळ आहे, पाल नाही, मुंग्या नाहीत. पण ट्रान्सफॉर्मरजवळच्या एका छोट्या पट्टीवर दोन कंडेन्सरच्या बुडाशी चहाच्या रंगाचं काहीतरी वाळून बसलंय. कंडेन्सर फुटून सांडलंय का?

पेठेतला सोल्डर | 20 जुलै, सकाळी 8:45

बल्बने चांगली बातमी दिली. आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट असते तर तो असा विझला नसता.

सिलेक्टर 240 वर न्या, पिन काढून. यावर थोडं लिहितो, कारण आखातातून आलेल्या सेटच्या बाबतीत हे नेहमी राहून जातं. 220 च्या टॅपवर 247 दिले तर आतलं प्रत्येक व्होल्टेज बारा टक्क्यांनी चढतं. समजा तुमच्या सेटची मुख्य सप्लाय अधिक-उणे 38 आहे, ती साडेबेचाळीसच्या वर जाते. मोठे कंडेन्सर 50 व्होल्टचे असतील तर सोसतील. पण रेग्युलेटरचे (आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचे) ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या आधीचे रेझिस्टर रोज रात्री जास्तीची उष्णता सोसत राहतात. पट्टीवर तपकिरी भाजल्याचा डाग दिसला तर तो त्याचाच. 240 वर नेलं की रात्रीच्या 247 लाही सप्लाय 39 च्या आसपास राहील.

ते चहाच्या रंगाचं म्हणजे सांडलेलं काही नाही, डिंक आहे. कारखान्यात मोठे भाग हलू नयेत म्हणून लावत. नवा असताना फिकट पिवळसर असतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन काळपट होतो, हवेतला ओलावा धरतो आणि मग दोन वाईट गोष्टी करतो: थोडा थोडा करंट वाहू देतो आणि ज्या भागाच्या पायावर बसलाय तो पाय खातो. समुद्राजवळ आणखी लवकर. त्या जागेचा फोटो काढून ठेवा, हात अजून लावू नका.

आता मुख्य रीडिंग. स्पीकर काढून ठेवा. रिलेच्या अलीकडे, म्हणजे अ‍ॅम्पच्या बाजूच्या पायांवर, ग्राउंडच्या (सेटच्या धातूच्या सांगाड्याच्या) सापेक्ष डीसी मोजा. डावं-उजवं दोन्ही. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर अ‍ॅम्प निर्दोष समजा. काही व्होल्ट असतील तर रिले खरं बोलतोय.

आणि टेपच्या 'रेक आउट' (रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेट) मधून एक वायर दुसऱ्या कुठल्याही ऑक्स घेणाऱ्या स्पीकरला द्या. तो मार्ग आउटपुट आणि रिलेच्या आधीच बाहेर पडतो. तिथे रेडिओ ऐकू आला तर ट्यूनर आणि सिलेक्टर इथपर्यंत सगळं जिवंत.

खारवारा | 21 जुलै, रात्री 9:20

काका, मीटर धरताना हात थरथरत होता पण आकडे स्पष्ट आहेत. डावं 12 मिलिव्होल्ट, उजवं 28. तीनदा घेतले.

आणि रेक आउटमधून मुलीच्या ब्लूटूथ स्पीकरला ऑक्सची वायर दिली. मिडियम वेव्हवर काटा 1143 ला नेला आणि आकाशवाणी रत्नागिरी लागली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. स्पीकर दुसराच आहे, पण रेडिओ याचाच आहे हे तिला सांगावं लागलं नाही.

शिवारफेरी | 21 जुलै, रात्री 9:58

फार छान. थोडं विषयाशेजारचं विचारतो, माफ करा. माझा सेट नव्वदीतला, बटणांचा, रिमोट असलेला. हल्ली आवाज वाढवायचं बटण दाबलं की आवाज न वाढता इनपुटच बदलतं, कधी आपोआप बंद होतो. रिमोटने सगळं व्यवस्थित चालतं. मायक्रोप्रोसेसर गेला का?

पेठेतला सोल्डर | 22 जुलै, सकाळी 8:20

शिवारफेरी, रिमोटने चालतं म्हणजे मायक्रोप्रोसेसर ठीक. पॅनेलमागचे छोटे टॅक्ट स्विच झिजलेत. त्या काळच्या सेटमध्ये सात-आठ बटणं एकाच वायरवर असतात, मध्ये रेझिस्टरची साखळी. प्रत्येक बटणाला वेगळं व्होल्टेज येतं आणि त्यावरून आतला आयसी ओळखतो की कुठलं दाबलं. स्विचच्या आत काळपटपणा आला की त्याचा स्वतःचा रोध त्यात मिसळतो आणि आयसीला शेजारचं बटण दाबल्यासारखं वाटतं. मीटर ओहमला लावून एकेक स्विच दाबून बघा, एक-दोन ओहमच्या वर दाखवणारे सगळे बदला. उंची आणि दांडी मोजून घ्या, नाहीतर बाहेरचं बटण अडकतं. स्प्रे मारून दोन महिने जातात, पुन्हा तेच. बदलाच.

खारवारा, तुमच्या आकड्यांनी निकाल लागला. अ‍ॅम्प पूर्ण निर्दोष आहे. ते तयार बोर्ड बसवलं असतं तर उत्तम चाललेली जपानी आउटपुट पट्टी भंगारात गेली असती.

आता रिलेशेजारी एका ओळीत आठ पाय असलेला छोटा आयसी शोधा. त्यावर बहुधा सी1237 लिहिलेलं असेल.

खारवारा | 22 जुलै, दुपारी 1:05

हो, सी1237 एचए. त्या डिंकाच्या पट्टीवरच आहे, डिंकापासून दोन बोटांवर.

पेठेतला सोल्डर | 22 जुलै, दुपारी 3:30

हाच. रिलेचा पहारेकरी. याचे पाय समजून घेतले की दोष स्वतःच सापडतो.

आठवा पाय त्याची स्वतःची सप्लाय, 3.4 व्होल्टच्या आसपास हवी. दुसरा पाय डाव्या-उजव्या आउटपुटवर डीसी आलंय का ते पाहतो, शून्याजवळ हवा. पहिला ओव्हरलोड पाहतो, तोही शून्याजवळ. सातव्यावर एक कंडेन्सर आहे, तो भरेपर्यंतची ती तीन-चार सेकंदं. सहावा रिलेला खाली ओढतो; रिले सुटलेला असताना तिथे रिलेची पूर्ण सप्लाय दिसते, ओढला की एखाद-दोन व्होल्ट.

चौथा पाय मला सगळ्यात आवडतो. तो वीज आहे की गेली एवढंच पाहतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून एक डायोड आणि एक लहान कंडेन्सर याच्यापर्यंत येतात आणि वीज असेतोवर या पायाला शून्याखाली धरून ठेवतात. वीज गेली की तो लहानसा कंडेन्सर लगेच रिकामा होतो, पाय वर उचलला जातो आणि आयसी त्याच क्षणी स्पीकर तोडतो. मोठे कंडेन्सर अजून काही सेकंद भरलेले असतात, त्यामुळे हे नसतं तर सेट बंद करताना दर वेळी स्पीकरला 'धप्' बसलं असतं.

मोजताना प्रोब दोन पायांच्या मध्ये घसरला तर आयसी जाईल. म्हणून बंद असताना बारीक क्लिप एका पायाला लावा, मग चालू करा, आकडा लिहा, बंद करा, पुढचा पाय. घाई नको.

खारवारा | 23 जुलै, दुपारी 12:15

घाई केली नाही, सकाळ गेली पण आकडे मिळाले.

आठवा 3.4. पहिला शून्य. दुसरा 0.02. सातवा चार सेकंदांत चढून स्थिर. सहावा पूर्ण 39, म्हणजे ओढतच नाहीये. चौथा अधिक 0.75.

अधिक! उणे हवा होता ना? म्हणजे याला वाटतंय की वीजच नाही?

पेठेतला सोल्डर | 23 जुलै, दुपारी 12:40

बरोबर. तुमच्या घरात 240 व्होल्ट आहेत, डायलचे दिवे लागलेत, आणि या आयसीपर्यंत ती बातमीच पोचत नाही. चौथ्या पायापासून ट्रॅक धरून मागे जा. कंडेन्सर, रेझिस्टर, मग डायोड. मला खात्री आहे की ती वाट त्या डिंकाखालून जाते.

खारवारा | 23 जुलै, दुपारी 2:20

काका!!

ट्रॅक धरत गेलो तर वाट खरंच डिंकाखाली शिरली. बांबूच्या काडीने तो खरवडला, खडीसाखरेसारखा कडकन तुटत होता. खाली काचेचा छोटा डायोड. वरून चांगला दिसत होता, पण एका बाजूचा पाय हिरवट काळा. काडीने नुसता टोकला तर पाय पट्टीपाशी तुटून डायोड वर आला. तुटलेल्या जागी तांब्याचा चुरा.

फोटो टाकलाय. शेजारच्या 10 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरच्या पायालाही हिरवं चढलंय.

केतकीवन | 23 जुलै, दुपारी 2:31

फोटो पाहून अंगावर काटा आला. तांदळाच्या दाण्याएवढ्या भागाने सगळा सेट अडवून ठेवला होता.

मायक्रोफॅरड | 23 जुलै, दुपारी 4:10

पेठेतले काका, तुमचं म्हणणं पटलं. मी सांगितल्याप्रमाणे सगळे कंडेन्सर बदलले असते तरी हा डायोड तसाच राहिला असता.

पेठेतला सोल्डर | 23 जुलै, संध्याकाळी 6:00

1एन4148 डायोड लावा, रुपया-दोन रुपयांत मिळतो. डायोडवरचा रंगीत पट्टा जुन्याच्या पट्ट्याच्या दिशेने. तो 10 मायक्रोफॅरडही बदला, 50 व्होल्टचा, 105 अंशांवाला घ्या. डिंक सगळा काढा, एक कण ठेवू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. तांबं उघडं पडलं असेल तिथे घासून सोल्डरचा पातळ थर द्या. पट्टीवर अजून कुठे डिंक असेल तर तोही, आणि त्याखालचा प्रत्येक पाय बघा. रेग्युलेटरच्या पायांभोवती सोल्डरमध्ये गोल भेग दिसते का तेही भिंगातून बघा. दिसली तर जुनं सोल्डर ओढून घ्या आणि नवं भरा.

पहिल्यांदा पुन्हा सिरीज बल्बवरच.

खारवारा | 30 जुलै, रात्री 8:50

गावात डायोड मिळाला नाही, भावाने मुंबईहून येताना दहा आणले. आज बसवला. रेग्युलेटरच्या एका पायाला भेग होती, तीही भरली.

बल्बवर चालू केलं. एक, दोन, तीन, चार... टक्!

आई म्हणाली, "आला." एवढंच म्हणाली.

सिरीज काढून थेट लावला, अर्धा तास चालला, चौथा पाय आता उणे दाखवतोय. उजवा स्पीकर सुंदर. डावा मात्र जुन्याच सवयीचा. हळू आवाजात जातो, मोठा केला की येतो.

पेठेतला सोल्डर | 31 जुलै, सकाळी 9:15

मनापासून आनंद झाला.

डाव्याचं लक्षण रिलेच्या टोकांचं (आतल्या एकमेकांना टेकणाऱ्या कॉन्टॅक्टचं) आहे. टोकं काळवंडली की लहान सिग्नल त्यातून जात नाही, मोठा आला की तो काळा थर भेदून जातो. खात्री करून घ्या: गाणं चालू असताना मीटर एसीला लावून रिलेच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा. चांगलं टोक काही मिलिव्होल्ट दाखवतं.

पॉलिश पेपर घालू नका. टोकांवरचा चांदीचा मुलामा जातो आणि सहा महिन्यांत कायमचं बिघडतं. रिलेचं झाकण निघत असेल तर साध्या जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून टोकांत धरा, बोटाने रिले दाबून पट्टी ओढा. पण चौतीस वर्षांनंतर मी बदलाच म्हणेन. 24 व्होल्टचा, दोन पोलचा, टोकं किमान 5 अँपिअरची. कॉइलचा रोध जुन्याइतकाच बघून घ्या, कारण 39 व्होल्टमधले वरचे पंधरा खाणारा एक रेझिस्टर रिलेसोबत असतो आणि तो जुन्या कॉइलच्या हिशोबाने लावलेला असतो. कॉइल फार वेगळी घेतली तर तिच्यावर 24 राहणार नाहीत.

व्हॉल्यूम आणि सिलेक्टरसाठी कुलूप-बिजागऱ्यांचा गंज सोडवणारा स्प्रे अजिबात नको. त्याचं तेल आत राहतं, धूळ धरतं आणि पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) कार्बनला मऊ करतं. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, पॉटच्या मागच्या फटीतून एकच फवारा, मग सेट बंद असताना नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा. टेप मॉनिटर, मोनो, लाउडनेस ही बटणंही तशीच वीस-वीस वेळा दाबा. डावं-उजवं कमी-जास्त होण्यात ही बटणंही असतात.

हडसनकाठ | 1 ऑगस्ट, सकाळी 6:45

न्यू जर्सीहून वाचतोय. मी पुढच्या वर्षी पुण्याला कायमचा परततोय, इथला 120 व्होल्टचा जुना रिसीव्हर आणायचा विचार आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना? ट्यूनर डिजिटल आहे.

पेठेतला सोल्डर | 1 ऑगस्ट, सकाळी 9:30

मागे '120 व्होल्ट 60 हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर आपल्या 50 वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापेल. हवा खेळती ठेवा, वर दुसरं काही ठेवू नका. स्टेप-डाउन सेटच्या लेबलावरच्या वॅटच्या किमान दीडपट घ्या. ट्यूनरची मात्र एक अडचण आहे. अमेरिकेत मिडियम वेव्ह 10 किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी चालते, आपल्याकडे 9 च्या. पुणे केंद्र 792 वर, तुमचा ट्यूनर 790 वर थांबेल नाहीतर 800 वर. काही सेटना मागे 9/10 चा स्विच असतो, तो आहे का बघा. जपानमधल्या घरगुती सेटचं तर एफएमच 76 ते 90 पर्यंत, म्हणजे आपल्याकडचं जवळजवळ काहीच लागत नाही. खारवारांचा काट्याचा आहे म्हणून 1143 बिनघोर लागलं.

खारवारा | 13 ऑगस्ट, रात्री 10:30

डाव्या टोकावर 0.4 व्होल्ट, उजव्यावर 2 मिलिव्होल्ट. काका म्हणाले तसंच. जुन्या रिलेची कॉइल 650 ओहम भरली, नवा 640 चा मिळाला, पायही जसेच्या तसे बसले. क्लीनर मारला. पहिल्यांदा नॉब फिरवताना रेती चिरडल्यासारखं वाटत होतं, चाळीस वेळा फिरवल्यावर मऊ झाला. आता डावा-उजवा सारखे आहेत, अगदी हळू आवाजातही.

जुना रिले आणि तो पाय तुटलेला डायोड एका डबीत घालून सेटच्या बाजूलाच ठेवलाय.

खारवारा | 26 ऑगस्ट, दुपारी 3:00

काल प्रतिष्ठापना झाली. संध्याकाळच्या आरतीनंतर बाबांचा टेपडेक जोडला आणि त्यांच्या हस्ताक्षरातली एक कॅसेट लावली. पहिल्या बाजूला शेवटी कुवेतच्या घरात केलेलं रेकॉर्डिंग निघालं, मला माहीतच नव्हतं. बाबा आणि त्यांचे खोलीतले सोबती आरती म्हणतायत, झांजेऐवजी ताटली वाजतेय. आम्ही सगळे खाली बसलो ते बाजू संपेपर्यंत उठलो नाही.

मध्येच वीज गेली. दिवा विझायच्या आधी रिले सुटल्याचा टक् ऐकला, धप् नाही, काही नाही. चौथा पाय काम करतोय.

काका, ताई, मायक्रोफॅरड, सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं: डायलचा डावीकडचा दिवा काल रात्री गेला. काचेच्या फ्यूजसारखा दिसतो, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, त्यावर 8 व्होल्ट 0.3 अँपिअर असं वाचता येतं. हा मिळेल का?

पेठेतला सोल्डर | 26 ऑगस्ट, संध्याकाळी 5:25

मिळेल, माझ्याकडेच चार पडलेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, सोमवारी कुरिअर करतो. बसवताना काचेला बोट लावू नका, रुमालात धरा. दुसरा दिवा जळत असला तरी दोन्ही एकदम बदला, म्हणजे उजेड सारखा पडेल.

आणि ती कॅसेट पुन्हा लावायच्या आधी रेक आउटवरून संगणकात एकदा उतरवून घ्या.